पडद्यावरचा प्रकाशविद्युत परिणाम

बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रारण व द्रव्य यांच्या द्वैत स्वरूपावर एक प्रकरण आहे. त्यातला प्रकाशविद्युत परिणाम हा भाग परीक्षेच्या दृष्टीने सोपा समजला जातो. चार नियम, एक समीकरण, दोन-तीन आलेख आणि एखादे उदाहरण, की झाले. नियम पाठ होतात, उदाहरणात आकडे घातले जातात, गुणही मिळतात. मात्र याच विद्यार्थ्याला ‘झगझगीत तांबड्या प्रकाशाला जे जमत नाही, ते मिणमिणत्या जांभळ्या प्रकाशाला कसे जमते?’ असे विचारले, तर तो म्हणतो, ‘जांभळ्याची वारंवारता जास्त असते म्हणून.’ म्हणजे आपलाच प्रश्न तो उत्तर म्हणून आपल्याला परत देतो.

या अडचणीवर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत संगणकावरील आभासी प्रयोगांचा बराच पुरस्कार होत आहे. शिक्षक-प्रशिक्षणांत ते दाखवले जातात आणि जेथे निर्वात नळी, पारज दिवा, सूक्ष्म धारामापक यांपैकी काहीच नाही, तेथे प्रयोगशाळेची उणीव यांनी भरून निघेल असे सांगितले जाते. हा दावा तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू. त्यासाठी आम्ही निवडलेला आभासी प्रयोग म्हणजे अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पातला ‘फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट’. हा प्रकल्प कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना बोस-आइन्स्टाइन संघनितासाठी नोबेल पारितोषिक मिळाले होते. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली प्रकाशकणांची मोजणी कशी करावी हे सांगितले, त्यातूनच हे संघनित पुढे आले; तेव्हा विषय अगदीच परका नव्हे. या मालिकेतील अनेक प्रयोगांचे मराठी अनुवाद झालेले आहेत आणि ते विनामूल्य मिळतात.

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना लागणारे अर्धापूर केळीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका कनिष्ठ महाविद्यालयात हा आभासी प्रयोग शिकवला जात असताना आम्ही मागच्या बाकावर बसून पाहिला. एक संगणक, एक प्रक्षेपक, पंचेचाळीस मुलेमुली. बहुतेकांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले आणि अकरावीपासून विज्ञान एकदम इंग्रजीत. अशा वर्गात चित्र दिसणे, तेही हलणारे चित्र दिसणे, याचे मोल शहरातील शिक्षकांना चटकन उमगणार नाही. ‘स्टॉपिंग पोटेन्शियल’ हे दोन शब्द ज्यांना महिनाभर नुसते खटकत होते, त्यांना पडद्यावर अर्ध्या वाटेतून माघारी फिरणारा इलेक्ट्रॉन दिसला आणि मागून एक मुलगी हळूच म्हणाली, ‘परत गेला की!’ व्याख्येने जे साधले नव्हते ते येथे साधले, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे.

पडद्यावरची मांडणी अशी. एका निर्वात नळीत दोन धातूच्या तबकड्या समोरासमोर आहेत. डावीकडच्या तबकडीवर वरून एका दिव्याचा प्रकाश पडतो. या दिव्याची तीव्रता कमी-जास्त करता येते आणि तरंगलांबी अतिनीलपासून अवरक्तापर्यंत हवी तेथे सरकवता येते. तबकडीचा धातू बदलता येतो: सोडियम, जस्त, तांबे, प्लॅटिनम इत्यादी. खाली एक बॅटरी असून तिचा विद्युतदाब दोन्ही दिशांनी बदलता येतो. इलेक्ट्रॉन छोट्या गोळ्यांच्या रूपात एका तबकडीकडून दुसरीकडे जाताना दिसतात. धारामापक विद्युतधारा दाखवतो. बाजूला हवे ते आलेख आपोआप उमटतात.

या मांडणीचा सर्वांत मोठा गुण बॅटरीच्या संदर्भात दिसतो, आणि त्याकडे शिक्षकांचे सहसा लक्ष जात नाही. प्रकाशविद्युत परिणामाच्या मंडलात विद्यार्थ्याला बॅटरी दिसली की त्याला ओहमचा नियम आठवतो. बॅटरीमुळेच धारा वाहते, दाब वाढवला की धारा वाढणारच, असे तो धरून चालतो. हा समज केवळ आपल्याकडचा नव्हे. स्टाइनबर्ग, ओबेरेम आणि मॅक्डरमॉट या अमेरिकी संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतही हाच गोंधळ आढळला होता, आणि त्यावर त्यांनी त्या काळीही संगणकाचाच उपाय योजला होता. अर्धापूरच्या वर्गात शिक्षकांनी बॅटरी शून्यावर ठेवून ‘आता धारा किती?’ असे विचारले, तेव्हा जवळपास सगळा वर्ग ‘शून्य’ म्हणाला. दिवा लावला, तर इलेक्ट्रॉन निघाले आणि पलीकडे पोचलेही. मग दाब वाढवला. इलेक्ट्रॉन वेगाने पळू लागले, पण धारामापकाचा आकडा जागचा हलेना. येथे वर्ग गोंधळला आणि तो गोंधळ फार मोलाचा होता.

शिक्षकांनी दिलेला दाखला आम्हाला आवडला. अर्धापुरातून केळीच्या गाड्या सुटतात. तासाला किती गाड्या सुटतील हे भरणाऱ्या हातांवर ठरते. रस्ता गुळगुळीत झाला तर गाडी लवकर पोचेल. पण पलीकडच्या बाजारात तासाला पोचणाऱ्या गाड्यांची संख्या वाढणार नाही, कारण येथून सुटतातच तेवढ्या. बॅटरी म्हणजे रस्ता, प्रकाश म्हणजे गाडी भरणारे हात. पुस्तकातला संपृक्त धारेचा आडवा आलेख या एका दाखल्याने आणि त्या हलत्या चित्राने जितका समजला, तितका तो फळ्यावर क्वचितच समजतो.

दुसरा गुण ‘तीव्रता’ या शब्दाशी निगडित आहे. तेथे मात्र सावध शिक्षक लागतो. पडद्यावर तीव्रता तशीच ठेवून तरंगलांबी जांभळ्याकडे सरकवली, तर प्रत्येक इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढते, हे अपेक्षितच. पण धाराही बदलते! ‘धारा फक्त तीव्रतेवर अवलंबून असते’ हा पाठ केलेला नियम डोळ्यांदेखत मोडल्यासारखा वाटतो. खरे म्हणजे तो मोडत नाही. तीव्रता म्हणजे दर सेकंदाला येणारी एकूण ऊर्जा. प्रत्येक प्रकाशकण अधिक ऊर्जेचा झाला, तर तेवढ्याच एकूण ऊर्जेत प्रकाशकणांची संख्या कमी होते. शंभर रुपये दहाच्या नोटांत दिले तर दहा नोटा, वीसच्या नोटांत दिले तर पाचच. या आभासी प्रयोगाच्या निर्मात्यांनी तीव्रतेऐवजी प्रकाशकणांची संख्याच नियंत्रित करण्याची सोयही ठेवली आहे. ती पर्यायांच्या यादीत असल्याने सहज नजरेस पडत नाही. शिक्षकांनी ती आधी शोधून ठेवावी. पाठ्यपुस्तके हा भेद एका ओळीत उरकतात किंवा वगळतात. या बाबतीत आभासी प्रयोग पुस्तकापेक्षा प्रामाणिक आहे.

असो. आता आक्षेपाकडे वळू. तो आमचा नाही; त्याच वर्गातल्या एका मुलाचा आहे. अर्धा-पाऊण तास धातू बदलून, रंग बदलून आलेख काढून झाले. प्रत्येक वेळी ऊर्जा आणि वारंवारता यांचा आलेख सरळ रेषेत आला. शिक्षक समाधानाने म्हणाले, ‘पाहा, आइन्स्टाइनचे समीकरण सिद्ध झाले.’ तेव्हा तो मुलगा उठून म्हणाला, ‘सर, ह्याच्यात आइन्स्टाइन चुकला असं कधी येतं का?’

वर्ग हसला. शिक्षकही हसले आणि तास पुढे गेला. पण आमच्या मते त्या तासातला सर्वांत शास्त्रीय प्रश्न तोच होता. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ‘कधीच येऊ शकत नाही’ असे आहे. कारण पडद्यावरचा प्रत्येक इलेक्ट्रॉन आइन्स्टाइनच्या समीकरणानुसारच चालवलेला असतो. प्रकाशकणाची ऊर्जा म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारता; त्यातून धातूबाहेर पडण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, म्हणजे कार्यफलन, वजा केली की उरते ती इलेक्ट्रॉनची महत्तम गतिज ऊर्जा. ही वजाबाकी कार्यक्रम लिहिणाऱ्याने आधीच त्यात घातलेली आहे. आपण तरंगलांबी सरकवतो तेव्हा निसर्गाला प्रश्न विचारत नसतो, कार्यक्रमाला विचारत असतो. आणि तो शिकवलेले उत्तर देतो. पंचांगात पाहून उद्या सूर्योदय किती वाजता होईल हे सांगता येते. म्हणून पंचांगाने सूर्योदय सिद्ध केला असे कोणी म्हणत नाही.

हे सांगण्यात निर्मात्यांवर दोषारोप नाही. मॅकेगन, वीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या आभासी प्रयोगावर आधारलेल्या अध्यापनाचा अहवाल प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना प्रयोगाची मांडणी आणि त्यातली धारा-दाबाची वर्तणूक अधिक चांगली समजली, असे त्यांना आढळले. पण याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: निरीक्षण कोणते आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष कोणता, यांची तर्कशुद्ध सांगड घालणे अनेक विद्यार्थ्यांना यानंतरही जड गेले. आमच्या दृष्टीने हीच या साधनाची मर्यादा आहे. जेथे निष्कर्षच चित्र बनून समोर येतो, तेथे निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे कसे पडावेत? प्रकाशकण पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात दिसू लागले की ‘प्रकाश कणांचा बनला आहे असे कशावरून?’ या प्रश्नाला विद्यार्थ्याजवळ एकच उत्तर उरते: ‘दिसतात ना!’

इतिहास पाहिला म्हणजे या हरवलेल्या गोष्टीची किंमत कळते. हर्ट्झला १८८७ साली विद्युतचुंबकीय तरंगांवर काम करताना, अतिनील प्रकाश पडला की ठिणगी अधिक सहज उडते असे दिसले. म्हणजे ज्या प्रयोगमालेने प्रकाशाची तरंग-उपपत्ती पक्की केली, तिच्याच पोटात तिला आव्हान देणारी घटना सापडली. हॉलवॉक्सने १८८८ साली जस्ताच्या तबकडीवरचा ऋण प्रभार अतिनील प्रकाशाने निघून जातो हे दाखवले. लेनार्डने १९०२ साली मोठा धक्का दिला: प्रकाश कितीही तीव्र केला तरी इलेक्ट्रॉनचा महत्तम वेग वाढत नाही. पण वारंवारता आणि ऊर्जा यांची सरळ रेषा लेनार्डजवळ नव्हती. ती कोणाजवळच नव्हती. आइन्स्टाइनने १९०५ साली ती रेषा असली पाहिजे असे भाकीत केले. आपली बहुतेक पाठ्यपुस्तके हा क्रम उलटा करतात: आधी सरळ रेषेचा आलेख, मग ‘त्याचे स्पष्टीकरण आइन्स्टाइनने दिले’. आभासी प्रयोग तर तो आलेख एका टिचकीसरशी समोर ठेवतो, त्यामुळे हा उलटा क्रम आणखीच पक्का होतो.

ती रेषा खरोखर काढायला पुढे दहा वर्षे लागली. शिकागो विद्यापीठात मिलिकनने १९१६ साली आपले निर्णायक काम प्रसिद्ध केले. सोडियम, पोटॅशियम, लिथियम हे धातू हवेत क्षणात काळवंडतात. म्हणून त्याने काचेच्या निर्वात नळीच्या आतच सुरीची सोय केली आणि बाहेरून चुंबकाने ती चालवून धातूचा पृष्ठभाग तेथल्या तेथे तासून काढला. निर्वात नळीतला कारखाना असे तो गमतीने म्हणत असे. एवढ्या खटाटोपानंतर सरळ रेषा मिळाली आणि तिच्या चढावरून प्लांकच्या स्थिरांकाचे मूल्य आजच्या मूल्यापासून एक टक्क्याच्या आत आले. आणि तरीही मिलिकनला प्रकाशकणांची कल्पना पटली नव्हती! समीकरण बरोबर, पण ज्या कल्पनेतून ते निघाले ती टिकणारी नाही, असे त्याचे मत होते. आइन्स्टाइनला १९२१ सालचे नोबेल पारितोषिक १९२२ साली जाहीर झाले, तेही प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी. प्रकाशकणांचा उल्लेख त्यात नव्हता. इतके हुशार लोक इतकी वर्षे का अडले, हे ज्या विद्यार्थ्याला समजले त्याला हे प्रकरण समजले. पडद्यावर धातू बदलायला एक क्षण लागतो; तेथे अडण्यासारखे काहीच नसते.

जाता जाता हेही सांगायला हवे की, केवळ प्रकाशविद्युत परिणामाने प्रकाशकण सिद्ध होतो हे विधान आज काटेकोरपणे करता येत नाही. प्रकाश तरंगच मानून आणि फक्त अणूंना पुंजयांत्रिकीचे नियम लावून उंबरठा वारंवारता व आइन्स्टाइनचे समीकरण मिळवता येते, असे लॅम आणि स्कली यांनी १९६९ साली दाखवले. कॉम्प्टनचा १९२३ चा प्रयोग आणि पुढच्या काळातले एकेका प्रकाशकणाचे प्रयोग यांच्यासह पाहिले म्हणजे चित्र पुरे होते. बारावीत एवढे सांगण्याची गरज नाही; पण ‘सिद्ध झाले’ हा शब्द वापरताना शिक्षकाच्या मनात एवढी जाणीव असावी.

आता काही तपशील. कालविलंबाचा मुद्दा घ्या. तरंग-उपपत्तीप्रमाणे मंद प्रकाशात इलेक्ट्रॉनला पुरेशी ऊर्जा साठवायला वेळ लागला पाहिजे. समजा, एका चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रोवॅट प्रकाश पडत आहे. एका अणूएवढ्या क्षेत्राच्या वाट्याला येणारी ऊर्जा इतकी थोडी की सोडियमसाठी लागणारे सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट जमायला सहा मिनिटांच्या आसपास लागतील. प्रत्यक्षात लॉरेन्स आणि बीम्स यांना १९२८ साली सेकंदाच्या काही अब्जांश भागाएवढाही विलंब आढळला नाही. हा पुरावा विलक्षण बोलका आहे आणि वर्गात तोंडी हिशेब करून सांगता येतो. पण आभासी प्रयोगात तो दिसूच शकत नाही, उलट घोटाळा होतो. पडद्यावरचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या तबकडीपर्यंत जायला चांगले काही सेकंद घेतो. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाने सोडियममधून निघालेल्या सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ५३० किलोमीटर. अर्धापूरहून सरळ रेषेत मुंबई गाठायला त्याला पुरता एक सेकंदही लागणार नाही. दोन मुलांनी आम्हाला सांगितले की, दिवा लावल्यावर धारा ‘थोड्या वेळाने’ सुरू होते. त्यांनी पाहिले ते बरोबरच पाहिले होते. चित्र मुद्दाम संथ केले आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

तसेच तबकड्यांचे. पडद्यावरचे इलेक्ट्रॉन शिस्तीत समोर जातात, म्हणून दाब शून्य असतानाही धारा पूर्ण असते. खरे इलेक्ट्रॉन सर्व दिशांना उडतात, काही भरकटतात; म्हणून खरा आलेख संपृक्ततेपर्यंत हळूहळू चढतो. स्वच्छ धातूवर पडणाऱ्या हजारो प्रकाशकणांपैकी एखादाच इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, हेही चित्रातून उमगत नाही. आणि रोधक विद्युतदाबाची एक गोष्ट बहुतेक पुस्तकेही सांगत नाहीत. दोन तबकड्या वेगळ्या धातूंच्या असतील तर त्यांच्यात स्पर्श विभवांतर निर्माण होते. मग मोजलेल्या रोधक दाबात प्रकाश पडणाऱ्या तबकडीचे नव्हे, तर इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या तबकडीचे कार्यफलन येते. सरळ रेषेचा चढ त्याने बदलत नाही, छेद बदलतो. दोन्ही तबकड्या एकाच धातूच्या मानल्या तरच पुस्तकातला हिशेब जुळतो. हुशार विद्यार्थ्यापुढे हा मुद्दा अवश्य मांडावा.

भारतातले आभासी प्रयोगही आम्ही पाहिले. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्पात अमृता विश्वविद्यापीठाने हाच प्रयोग तयार केला आहे. धातू निवडा, दाब वाढवा, धारा शून्य झाली की आकडा वहीत लिहा, असे त्याचे स्वरूप आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीशी तो चांगला जुळतो, आणि आमची धास्ती नेमकी तीच आहे. वहीत ‘निष्कर्ष : आइन्स्टाइनच्या समीकरणाचा पडताळा आला’ असे लिहिले जाते, खाली सही होते आणि प्रयोग ‘झाला’ असे धरले जाते. काही ठिकाणी तर खरी उपकरणे मागण्याचे कारणच आता उरले नाही, असे बोलले जाऊ लागले आहे. ज्या तालुक्यांत मुळात प्रयोगशाळा तोकड्या आहेत तेथल्या मुलांना हे परवडणारे नाही. मोठ्या शहरातल्या मुलाला पुढे कोठेतरी खरे उपकरण हाताळायला मिळेल. अर्धापूरच्या अनेक मुलांसाठी बारावीचे वर्ष हीच भौतिकशास्त्राशी शेवटची गाठ असते.

मग फोटोसेलचा महागडा संच नाही म्हणून निसर्गाला काही विचारताच येत नाही का? येते. नांदेडच्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात मिळणारे एलईडी दिवे आणि एक साधा मल्टिमीटर एवढ्यावर एक सुंदर प्रयोग होतो. एलईडी प्रकाश देतो तसा तो प्रकाश टिपूही शकतो. एक हिरवा एलईडी घ्या. त्याचे प्लॅस्टिक पाण्यासारखे पारदर्शक असले पाहिजे, रंगीत नको. नाहीतर प्लॅस्टिकनेच रंग अडवला अशी शंका कोणीतरी काढेल आणि ती रास्तच असेल. त्याच्या दोन तारा मल्टिमीटरला जोडून मीटर दोन व्होल्टच्या पल्ल्यावर ठेवा. एलईडीभोवती काळ्या कागदाची नळी गुंडाळा, म्हणजे खिडकीचा उजेड येणार नाही. आता नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ४७० ओहमचा रोधक जोडून एक तांबडा एलईडी पेटवा आणि नळीच्या तोंडाशी धरा. मीटर जवळजवळ शून्यावर राहील. दोन तांबडे धरा, तीन धरा. काही फरक नाही. मग एकच निळा एलईडी धरा. आकडा चढतो. निळा दूर नेऊन मंद केला, तरी थोडा का होईना चढतो. आता उलट करा: टिपणारा एलईडी तांबडा ठेवा आणि हिरवा प्रकाश टाका. चढतो! तांबड्याचा उंबरठा खाली आहे, हिरव्याचा वर.

हा नेमका प्रकाशविद्युत परिणाम नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. येथे इलेक्ट्रॉन पदार्थाबाहेर पडत नाही. अर्धवाहकाच्या आतच ऊर्जेची एक फट ओलांडतो. मीटरवरचा आकडा म्हणजे प्रकाशकणाची ऊर्जाही नव्हे. पण तीव्रता वाढवून भागत नाही, रंग बदलावा लागतो, हे मर्म येथे खरे आहे आणि ते कोणी आधी लिहून ठेवलेले नाही. येथे चूक होऊ शकते: तार निसटते, सूर्यप्रकाश शिरतो, स्वस्त एलईडी भलताच निघतो, वीज गेली की खोलीतला अंधार उपयोगी पडतो. असे का झाले म्हणून मुले भांडतात. मिलिकनने सुरी का वापरली हे अशा भांडणानंतर सांगितले तर पोचते. जस्ताची तबकडी आणि विद्युतदर्शी घेऊन हॉलवॉक्सचा प्रयोगही करता येतो. पण त्यासाठी जंतुनाशक अतिनील नळी लागते आणि ती डोळ्यांना व त्वचेला घातक असते. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात तो करू नये.

एलईडीचा प्रयोग आधी आणि आभासी प्रयोग नंतर, असा क्रम आम्ही सुचवू. आभासी प्रयोगातही कळ दाबण्यापूर्वी प्रत्येकाने अपेक्षित आलेख पेन्सिलीने वहीत काढावा, एकदा प्रकाश निव्वळ तरंग आहे असे मानून आणि एकदा प्रकाशकण मानून. दोन आलेख कोठे वेगळे पडतात ते ठरल्यावरच दिवा लावावा. प्रकाशकण ठिपक्यांनी दाखवणारी सोय शेवटपर्यंत बंद ठेवावी. वहीत मथळा ‘आभासी प्रयोग’ असाच लिहावा आणि निष्कर्षात ‘पडताळा’ हा शब्द वापरू नये. ‘आइन्स्टाइनची उपपत्ती मानली तर असे दिसेल’ असे लिहावे.

फेटच्या धातूंच्या यादीत शेवटी एक बिननावाचा धातू आहे. नावाच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे. अर्धापूरच्या त्या तासात तो तसाच राहिला. निरीक्षणाची सवय लावायला या साधनात त्याच्याइतकी चांगली जागा नाही. वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाने त्याचे कार्यफलन दोन वेगळ्या रीतींनी काढावे, एकदा उंबरठा तरंगलांबीवरून आणि एकदा रोधक विद्युतदाबावरून. दोन्ही आकडे आणि त्यांतला फरक फळ्यावर लिहावा. आणि मग पुस्तकातल्या कोष्टकाशी ताडून तो कोणता धातू असावा यावर वाद घालावा. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाला फळ्याजवळ उभे करावे.